स्वयंपाकघर वर्ज्य

५ जुलै, शनिवार

आज घरात आलेलं सामान: साबुदाणा अर्धा किलो ३८ रु., शेंगदाणे अर्धा किलो ७५, रताळी ४०, तुळशीचा हार २०, राजगिऱ्याचे लाडू ३० (हे ह्यांनी आणले, कोणी सांगितलं नव्हतं), ही वही २५. हिशेबाची वही वेगळी आहे. ही आत्मोन्नतीची.

उद्या आषाढी एकादशी, चातुर्मास लागतो. दर वर्षी मी चार महिन्यांसाठी काहीतरी सोडते. गेल्या वर्षी वांगं सोडलं. वांगं मला आवडत नाही हे देवाला माहीत असणार, पण त्याने चालवून घेतलं. यंदा मोठं काहीतरी सोडायचं ठरवलंय.

त्याला कारण आहे. हे मे अखेरीस साकीनाक्याच्या कारखान्यातून रिटायर झाले. स्टोअरकीपर होते. निरोपाला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि मॅनेजरचं भाषण. मी या घरात पस्तीस वर्षं स्टोअर, कँटीन आणि कॅशियर तिन्ही सांभाळते. मला शाल नाही. नारळ मीच आणते आणि मीच फोडते.

काल जेवताना मी एवढंच म्हणाले की कंबर धरली आहे. तर सूनबाई रुचिरा म्हणाली, आई, तुम्हीपण आता रिटायर व्हा ना, बाबांसारख्या. सिद्धेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, हो आई, खरंच हो. पोटचा मुलगा इतक्या पटकन हो म्हणाला की मी त्याला पुढची पोळी वाढलीच नाही.

बरं. होते रिटायर. आठ दिवसांत कळेल सगळ्यांना.

मनात राग नाही. निव्वळ वैराग्य आहे.

६ जुलै, रविवार, सकाळी ७.१०

संकल्प सोडला. देवापुढे उभी राहून तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि हॉलमध्ये नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलले: आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. कारभार त्यागला. मग देवाकडे तोंड ठेवून मागे सरत सरत बाहेर आले.

सिद्धेश झोपलेला. रुचिरा आंघोळीला. ह्यांनी पेपराआडून विचारलं, मग चहा कोण करणार? म्हटलं, जो पिणार तो.

अंग पिसासारखं हलकं झालंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

दिवेलागणीची वेळ झाली म्हणून काडेपेटी घेऊन उठले आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी थबकले.

देव्हारा आत आहे. फ्रिजशेजारी, पूर्वेच्या भिंतीला. बिल्डिंग नवीन झाली तेव्हा मीच बिल्डरच्या माणसाशी भांडून तिथे बसवून घेतला होता.

दिवा ह्यांनी लावला. वात उलटी होती. देवाने माझी परीक्षा बघायचं ठरवलेलं दिसतंय.

७ जुलै, सोमवार

भटजींना फोन केला. सत्यनारायणाच्या तारखांबद्दल. बोलता बोलता सहज विचारलं, समजा एखाद्या बाईने असा असा नेम धरला आणि देव आतच राहिले, तर? भटजी म्हणाले, वहिनी, देवपूजा वगळून असं म्हणाला होतात का? म्हटलं, मी नाही, एक बाई आहेत. ते म्हणाले, मग त्या बाईंना सांगा, संकल्पाआधी घराचा नकाशा बघत चला. मोडायचाच असेल तर प्रायश्चित्त करून मोडता येतो. म्हटलं, त्यांना मोडायचा नाहीये. त्यांना फक्त माहिती हवी होती.

सिद्धेश म्हणाला, आई, देव्हारा हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावू का, पाच मिनिटांचं काम आहे. सपशेल नाही म्हटलं. बसलेले देव असे उठवत नाहीत. शिवाय प्रश्न आठ दिवसांचा आहे. तेवढ्यासाठी भिंतीला भोकं कोण पाडेल?

तोवर पूजा हे करतील. मी सीमेवर उभी राहून सांगेन. हॉलची लादी पांढरी, स्वयंपाकघराची तपकिरी. सीमा स्पष्ट आहे.

८ जुलै, मंगळवार

पूजेत ह्यांनी बाळकृष्णाला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मी पांढऱ्या लादीवरून सांगितलं, अहो, आधी गंध, मग फूल, मग अक्षता. हे म्हणाले, प्रेमा, सूचना लेखी दे. कारखान्यातल्या सवयी आहेत. जातील.

धक्का वेगळाच बसला. मला वाटलं होतं, माझ्यामागे स्वयंपाक रुचिरावर पडेल. तिचं पवईला ऑफिस, आठला निघते, म्हणजे दोन दिवसांत हात टेकेल. तर सकाळी हे तिला म्हणाले, तू जा गं, मी रिकामाच आहे. आणि कांदा कापायला घेतला. ह्या माणसाने पस्तीस वर्षांत पाण्याचा पेला स्वतः घेतलेला नाही.

जून महिनाभर हे सकाळी साडेसातला बूट घालून बसायचे. थोड्या वेळाने काढायचे. आज बूट घातले नाहीत, एवढं मात्र खरं.

१३ जुलै, रविवार

अजून कोणी आलं नाही विनवायला. मी उत्तर तयार ठेवलंय: मी कोण सांगणारी, पण तुमचे हाल बघवत नाहीत. मग भटजी, प्रायश्चित्त. खर्च सिद्धेशचा.

आज आमटी पातळ होती. सिद्धेशने दोनदा घेतली. बिचारा, बापाचं मन राखतो. रुचिरानेही घेतली, ती सासऱ्याचं मन राखते. मीही घेतली. अन्नाचा अपमान नको.

माझी खुर्ची हॉलमधून जरा इकडे, तपकिरी लादीच्या कडेला घेतली आहे. इथे वारा छान येतो.

२० जुलै, रविवार

ह्यांनी कारखान्यातला निळा कोट काढला. धुऊन, इस्त्री करून. तो घालून आज स्वयंपाकघराचा स्टॉक घेतला. प्रत्येक डब्याला दोऱ्याने पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं. त्याला म्हणे बिन कार्ड म्हणतात. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती. तूरडाळ, मूगडाळ, पोहे, सगळ्यांच्या गळ्यात कार्डं. शाळेतल्या मुलांसारखे डबे दिसतात.

माझ्या कपाटात रव्याची तीन पाकिटं निघाली, एकात किडे. गेल्या वर्षीच्या शिमग्याचा मसालाही निघाला. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: डेड स्टॉक. मग श्रीखंडाचे रिकामे डबे निघायला लागले आणि थांबेचनात. हे म्हणाले, हे स्क्रॅप कोणी जमवलं? माझा जप चालू होता, मध्ये बोलता येत नाही.

ते स्क्रॅप नव्हे. शेजारी काही द्यायचं झालं की लागतात. भंगारात जायच्या आधी मी दोन वाचवले. माझ्या पलंगाखाली आहेत.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. हे ह्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. मी मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं होतं, चूक होऊ दे म्हणून. पण ह्यांच्या हातात सुरी दिसली आणि तोंडातून निघालंच, अहो, आज नागपंचमी. हे म्हणाले, माहीत आहे, सुरी कपाटात ठेवतोय. रुचिराने आदल्या दिवशी मोबाइलला अलार्म लावून ठेवला होता.

पातोळ्या केल्या. हळदीच्या पानात, वाफवून. बऱ्या होत्या. पानं ताजी मिळाली हे मुलुंडच्या मंडईचं कर्तृत्व, ह्यांचं नव्हे. चार खाल्ल्या.

५ ऑगस्ट, मंगळवार

खुर्चीवरून बोललं की मिक्सरच्या आवाजात आत ऐकू जात नाही. म्हणून घरच्या ग्रुपवर बोलून मेसेज टाकायला सुरुवात केली. कुकरची रिंग बदला. कढीपत्ता आधी धुवा. फोडणीत हिंग विसरू नका. मेसेजखाली निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. सगळे कामात असतात.

श्वेताचा, आमच्या लेकीचा, चेंबूरहून फोन. म्हणाली, आई, मी तुमच्या ग्रुपवर आहे, विसरलीस का? माझी मीटिंग चालू होती आणि स्पीकरवर तुझा हिंग वाजला.

तिला विचारलं, तुझे बाबा कसे वाटतात तुला आजकाल? म्हणाली, मस्त. काल मला फोन करून भरल्या मिरचीचं सांगत होते अर्धा तास. आधी फोन उचलून फक्त "आईला देतो" म्हणायचे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ठराव: दुपारी नियमाने भजनी मंडळात जायचं. मनःशांती तिथे आहे.

मंडळात वसुधाताईंनी विचारलं, प्रेमा, आजकाल वेळ कसा मिळतो गं तुला? खरं ते सांगितलं. मी नेम धरलाय आणि घराची पार वाट लागलीय. ह्यांच्या हातचं खाऊन पोरं वाळलीत. सगळ्या हळहळल्या. बरं वाटलं. भजन ऐकल्यामुळे.

१६ ऑगस्ट, शनिवार

वसुधाताई दयेपोटी डबाभर भाजी घेऊन आल्या. ह्यांनी भाजी काढून घेतली आणि त्याच डब्यात कोथिंबीर वड्या भरून दिल्या. डबा परत देताना रिकामा देत नाहीत, हे ह्यांना कोणी शिकवलं?

१८ ऑगस्ट, सोमवार

मंडळात आज अभंग एकच झाला. बाकी वेळ वडी. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ कशी, पीठ कोणतं. वसुधाताई म्हणाल्या, वाट लागली म्हणे. अगं, असली वाट आमच्या घराची लाव. असा नवरा चार महिने मला दे, मी माझा तुला देते, तो टीव्ही छान बघतो.

उद्यापासून मंडळात जाणार नाही. तिथे प्रपंचाच्या गप्पा फार होतात.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. आता मात्र बघू. आमच्याकडे पाच दिवस गणपती असतो. पहिल्या दिवशी एकवीस उकडीचे मोदक नैवेद्याला, वर खाणाऱ्यांचे वेगळे. उकड काढणं म्हणजे डबे मोजणं नव्हे. सासूबाईंनी मला तीन वर्षं उकडीला हात लावू दिला नव्हता.

आज दिवसभर विचारायला येतील म्हणून कुठे गेले नाही. सिद्धेश आला. म्हटलं, बोल बाळा. म्हणाला, आई, खुर्ची जरा सरकव ना, मखर न्यायचंय.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी, दुपारी ३

नमूद करण्यासाठी लिहिते, गर्वाने नाही, दुःखानेही नाही.

पिठी ह्यांनी वजन करून घेतली, पाणी मापून घेतलं. उकड रुचिराने काढली, तिची आई वाकोल्याहून व्हिडिओ कॉलवर. सिद्धेशने मोदकपात्र सांभाळलं. तिघं आत, दार नाही तरी दार लावल्यासारखी. हसत होते. मी बाहेर गणपतीजवळ दूर्वा निवडत होते. त्यांच्या हसण्याचं कारण कळलं नाही. विचारलं तर म्हणाले, काही नाही गं, उगाच.

मोदक झाले. एकही फुटला नाही. कळ्या सगळ्या सारख्या. इतक्या सारख्या की हाताने केल्यासारखे वाटत नाहीत, हा दोष मी मनात नोंदवला. श्वेता चेंबूरहून आली, जावई आले. श्वेताने चार खाऊन मग मला विचारलं, आई, तू का नाही खात? मी पाच खाल्ले, पण ती बघत नसताना. परीक्षा घ्यायची तर एकावरून कळत नाही.

आरतीला हे निळा कोट काढून सोवळं नेसून उभे राहिले. आरत्या सगळ्या पाठ. मी टाळ वाजवला. टाळ वाजवणंही लागतंच.

३१ ऑगस्ट, रविवार

विसर्जन झालं. पाटावर नुसत्या अक्षता राहिल्या. मला कोणी विचारलं नाही. पाचही दिवस.

देवाला नेम पुरा करायचाच असेल, म्हणून त्यानेच सगळ्यांना बुद्धी दिली असणार. दुसरं काही कारण दिसत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विशेष नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

रुचिराचं आज घरून काम होतं. दुपारी हे चहा करून हॉलमध्ये आणून ठेवतात, सोबत खारी. रुचिरा लॅपटॉप मिटून माझ्याशेजारी बसली. म्हणाली, आई, चार वर्षांत पहिल्यांदाच आपण दोघी बसून चहा पितोय. तुम्ही नेहमी ओट्याजवळ उभ्या.

तिला म्हटलं, ऑफिसात बरं चाललंय ना, तो किरण त्रास देत नाही ना? तिचं हे किरण किरण मी लग्नापासून ऐकते. किरणसोबत बंगलोरला गेले, किरणने उशिरापर्यंत थांबवलं. सुनेचं आहे म्हणून कधी बोलले नाही, पण दोन वर्षं संकष्टीला मी त्या किरणच्या बदलीसाठी गणपतीला सांगत होते. तर किरण ही बाई आहे. तिची बॉस. दोन मुलांची आई, घाटकोपरला राहते.

रुचिरा इतकी हसली की खारीचे तुकडे उडाले. म्हणाली, अहो आई, खरंच बदली होतेय हो तिची. आणि तिची जागा मला देतायत. अजून घरात कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा.

मलाच पहिल्यांदा. ही गोष्ट मी स्वयंपाकघरात असते तर कुकरच्या शिटीत गेली असती.

तरी नेम म्हणजे नेम, कार्तिकीला संपणार. मग मी परत ओट्याशी. घराला घडी लागते ती त्याशिवाय लागत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं वाटलं. हे आपट्याची पानं घेऊन साकीनाक्याला जाऊन आले, जुन्या लोकांना भेटायला. मला वाटलं, उदास होऊन येतील. हसत आले. म्हणाले, माझ्या जागी आता कॉम्प्युटर बसवलाय गो, आणि तोपण चुकता. माझा कांद्याचा स्टॉक तरी बरोबर लागता.

सात वाजता घाईने आत गेले. दिव्याची वेळ झाली म्हणाले. मी आठवण करायच्या आधी. हल्ली वात सरळ असते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या. आज माझा दिवस होता, लिहून ठेवते.

पहिल्या घाण्याला चकल्या कडक झाल्या. खुर्चीवरून कडकड ऐकू आली. रुचिरा म्हणाली, आईंना विचारूया? हे म्हणाले, विचार. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी जप थांबवला, माळ गोमुखीत ठेवली आणि शांतपणे सांगितलं, मोहन कमी पडलंय. तेल कडकडीत तापवून घाला अजून. किती, म्हणून विचारलं. म्हटलं, घाला, अंदाजाने, मी सांगते तेव्हा थांबा. आणि मी सांगितलं तेव्हा ते थांबले.

दुसऱ्या घाण्याला चकल्या तेलात गेल्या आणि विरघळल्या. कढईत नुसता चुरा फिरत होता. ह्यांनी झाऱ्याने चुरा काढला. पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहिलं: रिजेक्ट. रुचिराने कोरडी भाजणी मिसळून पीठ सारखं करून घेतलं. तिसऱ्या घाण्याच्या चांगल्या झाल्या.

चूक माझी नाही. मोहन कानाने कळत नाही. पिठाची मूठ वळून बघावी लागते, ती वळते का, फुटते का. हात लावल्याशिवाय मला सांगता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी कोणाला कधी मापं सांगितलीच नाहीत, कारण ती मलाही माहीत नाहीत. सगळं हातात आहे.

हात मी चार महिने हॉलमध्ये बसवून ठेवलेत.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या कार्तिकी. परवा द्वादशीला सकाळी नेम सुटतो. तयारी: हिरवी नऊवारी काढून ठेवली. पहिल्या दिवशी काय करायचं ते ठरवलं: वालाची उसळ, सोलकढी, शेवयांची खीर. ह्यांची पुठ्ठ्याची कार्डं सगळी काढायची, पण दुखवायचं नाही, म्हणायचं दोरा मसाल्यात पडतो. श्रीखंडाचे दोन डबे परत जागेवर.

तिघांना जेवताना सांगितलं, परवापासून तुम्ही सुटलात. सिद्धेश म्हणाला, अगं आई, कशाला. रुचिराने ह्यांना न विचारताच आणखी एक पोळी वाढली. हे म्हणाले, बरं. एवढंच. आनंद फार झाला की ह्यांना बोलता येत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ११

पहाटे न्हाऊन, नऊवारी नेसून, उजवं पाऊल तपकिरी लादीवर टाकलं.

देवाची पूजा झालेली होती. ताजी फुलं, गंध सगळ्यांना, बाळकृष्णाचं तोंड माझ्याकडे. हे म्हणाले, मी रोजच्या वेळेला उठलो, सवयीने करून टाकली गो. उद्या तू कर. नाहीतर असं करूया, एक दिवस तू, एक दिवस मी. नमस्कार केला. देव ओळख असल्यासारखे वाटले, पण पाहुण्यासारखे भेटले.

चहा करायला गेले. साखर जागेवर नव्हती. साखरेची जागा आता खाली आहे, कारण ती जास्त लागते. चहा उजवीकडे. गाळणी खिळ्याला. लायटर शोधेपर्यंत सिद्धेशचा डबा, रुचिराचा डबा भरून ओट्यावर तयार होते. कोणी भरले ते दिसलं नाही, इतक्या लवकर. मी मध्ये उभी आणि तिघं मला वळसा घालून ये-जा करत होते. आमच्या स्वयंपाकघरात वळसा घालायला जागा नाही, तरी त्यांनी घातला.

मुलं गेल्यावर ह्यांनी कोट काढला. बटणं एकेक करून. खुंटीला लावला, खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, स्टोअर तुझ्या ताब्यात. चार्ज दिला. कार्डं हवी तर काढ.

मग बाहेर जाऊन खिडकीपाशी बसले. थोड्या वेळाने बघितलं तर पायात बूट होते.

मी वालाचा डबा उघडला. वाल मोड आलेले होते, सोलून ठेवलेले. कधी भिजवले कोण जाणे, मी उसळ म्हणाले होते म्हणून असतील. डबा बंद केला.

गुडघा फार दुखायला लागला. एकाएकीच. नऊवारीत वाकवतही नाही. ह्यांना हाक मारली, म्हटलं, अहो, या जरा इकडे, माझ्याने उभं राहवत नाही, आजच्या दिवस तुम्हीच बघा. हे आले. म्हणाले, उद्या बरा होईल का गुडघा? म्हटलं, वयाचं आहे, सांगता येत नाही.

कोट घालताना ह्यांनी शीळ घातली. कारखान्यात घालायचे म्हणे. मला माहीत नव्हतं.

गुडघ्याला सध्या आराम आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

रुचिराने काल मला खातं दिलं. संध्याकाळी अर्धा किलो लसूण, सूप आणि सुरी माझ्या खुर्चीपाशी आणून ठेवली आणि म्हणाली, आई, तुमच्यासारखा लसूण घरात कोणाला सोलता येत नाही, हे काम तुमचंच. खरं आहे ते. एकही पाकळी चिरत नाही माझी.

लसूण ही जबाबदारीची गोष्ट आहे. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत मीही त्यांना लसूणच द्यायची. रोज. त्या तासन्तास सोलत बसायच्या, समाधानात असायच्या, कामात लुडबूड करायच्या नाहीत. मी त्यांना म्हणायची, तुमच्यासारखा कोणाला जमत नाही.

आज फ्रिजमधून पाणी घ्यायला आत गेले. मागच्या कप्प्यात सोललेल्या लसणाची काचेची बरणी आहे, गळ्यापर्यंत भरलेली. तिच्या मागे दुसरी. कार्डावर ह्यांच्या अक्षरात लिहिलंय: लसूण सोललेला, शिल्लक भरपूर, सोलायला आणखी इश्यू करू नये.

सुरीला धार नाही. तेवढं सांगितलं पाहिजे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोस्टातून कार्ड आणलं. कुडाळच्या थोरल्या बहिणीला लिहायचंय. तिच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, आणि ग्रुपवर टाकावं असं ते नाही. कार्डावर खाडाखोड नको म्हणून मजकूर आधी इथे:

ती. रत्नप्रभाताईस प्रेमाचा शि.सा. नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. माझा चातुर्मासाचा नेम देवाच्या कृपेने निर्विघ्न पार पडला. घर आता पूर्ण माझ्या वळणावर आहे, तिघंही छान तयार झालेत. रुचिराला ऑफिसात बढती मिळाली, ही बातमी तिने सगळ्यांत आधी मला सांगितली. ह्यांची तब्येत उत्तम, शीळ घालतात. मला आता बरीच सवड असते. लसणाचं सोडलं तर.

श्वेता सांगत होती की तुझी सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे आणि तू एकटीच सगळं ओढतेस. या वयात बरं नव्हे. मी आठ-पंधरा दिवस येऊ शकते. गुडघा ठीक आहे. मापं विचारू नकोस, पण हात चांगला चालतो. चूल असो, गॅस असो, मला चालेल. पैसे खर्च करून काही आणू नकोस.

तुझ्या स्वयंपाकघरात हल्ली दुसरं कोणी असतं का, भावोजी वगैरे, तेवढं उलट टपाली कळव.